छोटं प्रायव्हेट की मोठं सरकारी? दोन मुलांच्या फिया भरून झाल्यावरचा रिव्ह्यू

मे महिन्यात आमच्याकडे दोनच गोष्टींचे फोन येतात, एक 'आंबे आहेत का' आणि दुसरा 'पोराला कुठे घालू'. आंबे आमच्याकडे नाहीत, काजू आहेत, हे मी वीस वर्षं सांगतेय. दुसऱ्या प्रश्नावर मात्र हल्ली मी तासभर बोलते, कारण माझी थोरली मुंबई विद्यापीठाची बीएस्सी झाली २०२४ ला, इथेच कुडाळच्या जवळपासच्या एका कॉलेजातून, आणि धाकटा घाटावरच्या एका छोट्या प्रायव्हेट विद्यापीठातून बीसीए झाला २०२५ ला. म्हणजे दोन्ही दुकानांतलं सामान घरात आलंय, वापरून झालंय, आणि एकाचे हप्ते अजून चालू आहेत. यंदा वन्संच्या मुलीचं इंजिनिअरिंगचं चाललंय, तिला तीनदा फोनवर सांगून झालं, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकते. प्रायव्हेटवाल्यांचं नाव लिहिणार नाही, आणि लिहून उपयोगही नाही, एकाचं नाव घेतलं तर लोक म्हणणार चला म्हणजे शेजारचं बरं असेल.

मी पतसंस्थेत काउंटरवर असते, त्यामुळे मला फॉर्म वाचायची सवय आहे असा माझा समज होता.

आधी प्रायव्हेटचं सांगते. आम्ही २०२२ च्या जूनमध्ये बघायला गेलो, आंबोलीतून एसटीने, धुकं इतकं की ड्रायव्हर पण खिडकीतून मान बाहेर काढून चालवत होता. गेट बघूनच आमचे हे खूश. आत गेल्यावर थंड पाणी, कॉफी, सोफा, एक मुलगी टॅब घेऊन आली, तिला ते काउन्सेलर म्हणतात, तिने मोठ्या टीव्हीवर ड्रोनने काढलेला व्हिडिओ लावला आणि मग सांगितलं की बीसीएच्या फक्त चार सीट राहिल्यात. (ऑगस्टमध्ये पण चारच राहिल्या होत्या, माझ्या सहकाऱ्याच्या भाच्याला तेच सांगितलं.) लॅब दाखवली, नवीन कॉम्प्युटर, एकेका पोराला एकेक. लायब्ररी दाखवली, तिथे एसी होता आणि पुस्तकं कमी. घरी येऊन मोबाईलवर फोटो दाखवले तर सासूबाईंनी चष्मा लावून सगळे बघितले आणि एवढंच विचारलं, "गो, येवढो मोठो गेट बांदललो हा, आत शिकवणारी माणसां किती असत तां इचारलंस?"

नव्हतं विचारलं. खरंच नव्हतं विचारलं.

फी वर्षाला १,५५,०००. हॉस्टेल-मेस वेगळं, नव्वद हजार. आमच्याकडे असले आकडे काजूत मोजायची पद्धत आहे, बी किलोला १४० धरली तर नुसती फीच अकराशे किलो, आणि आमची बाग चांगल्या वर्षी सहाशे-सातशे देते, ते पण मोहोर टिकला तर आणि माकडांनी ठेवलं तर. पण त्यांनी स्कॉलरशिप दिली. स्कॉलरशिप म्हटलं की आपल्याला वाटतं पोरगं हुशार आहे म्हणून कोणीतरी पैसे देतंय, तसं काही नसतं, ते डिस्काउंट असतं, साडीच्या दुकानात असतं तसं. वीस टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी ३१ हजार सूट. पत्राच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात अट होती की दर सेमिस्टरला आठ सीजीपीए आणि ऐंशी टक्के हजेरी राहिली तरच पुढे सूट चालू. मी दिवसभर लोकांना 'मागचं पान पण वाचा हो' सांगणारी बाई, मी ते पान वाचलं नाही. धाकट्याला ७.६ पडले, सूट गेली. तीन वर्षांचं हॉस्टेल धरून सात लाखांच्या वर गेले. थोरलीची तीन वर्षांची फी, पुस्तकं, जर्नलं, एसटीचा पास, सगळं मिळून साठ हजार पण झालं नाही. हे एवढंच वाचून निर्णय घेणार असाल तर घ्या, पण थांबा जरा, कारण पैसे वाया गेले असं मला आजही म्हणता येत नाही.

एक प्रसंग सांगते. पहिल्या वर्षाचा नोव्हेंबर, रात्रीचे नऊ वाजून गेलेले, मी भाकऱ्या थापत होते, अनोळखी नंबर. "आई, मी तुमच्या मुलाचा क्लास टीचर बोलतोय, तो तीन दिवस लेक्चरला नाही, रूमवर पण झोपूनच आहे म्हणतात, तुमच्याशी बोलला का?" बोलला नव्हता. ताप अंगावर काढत पडला होता, घरी सांगितलं तर परत बोलावतील म्हणून. ते सर स्वतः गाडीवरून त्याला दवाखान्यात घेऊन गेले, प्लेटलेट्स कमी निघाल्या, दोन दिवस ॲडमिट. आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो तर सर तिथेच, हातात पेपरांचा गठ्ठा, खुर्चीत बसून तपासत होते. वर्गात अडतीस मुलं होती. अडतीसात एक नसला की दिसतो. थोरलीच्या पहिल्या वर्षाला एकशे वीस जण होते, तिथे ती महिनाभर गेली नसती तरी कोणाला पत्ता लागला नसता, आणि ह्यात सरांची चूक काही नाही, एकशे वीस तोंडं कोण लक्षात ठेवणार.

आता पुढचं पण ऐका. तेच सर दुसऱ्या वर्षी सोडून गेले. त्यांच्या जागी एक मॅडम आल्या, दिवाळीनंतर त्या पण गेल्या, मग एक अगदी कोवळा मुलगा आला जो आदल्या वर्षी तिथूनच पास झालेला. तीन वर्षांत डेटाबेस, वेब असल्या मुख्य विषयांना पाच माणसं बदलली. छोट्या जागेचं हेच असतं, चांगला माणूस एकच असतो आणि तो गेला की त्याच्याबरोबर सगळं डिपार्टमेंट जातं. मोठ्या विद्यापीठाच्या कॉलेजात अनुदानित पदावरचे लोक वीस-वीस वर्षं हलत नाहीत, ह्याचा त्रास पण असतो (थोरलीच्या एका सरांच्या पिवळ्या पडलेल्या नोट्स माझ्यापेक्षा वयाने मोठ्या असाव्यात), पण निदान जूनमध्ये जे दिसले ते मार्चमध्ये असतात. तिथेही आता सीएचबीवर तासाच्या हिशेबाने भरपूर लोक घेतात, भरती रखडली की तेच होतं, तेव्हा सरकारी म्हणजे सगळे कायम असं समजू नका. आणखी एक, धाकट्याने तिसऱ्या वर्षाला जो ऐच्छिक विषय घेतला होता तो सहाच मुलांनी घेतला म्हणून रद्द केला आणि सगळ्यांना दुसऱ्या विषयात ढकललं. ब्रोशरमध्ये चौदा विषयांची नावं छापलेली, चालू दोनच.

जेवणाबद्दल न लिहिलेलं बरं. कोकणातलं पोरगं, आठवड्यातून एकदा तरी ताटात मासळी पाहिजे, तिथे रोज बटाट्याचा रस्सा. दर महिन्याला एसटीतून डबा जायचा, सुक्या बांगड्याची किसमूर आणि तिरफळाची चटणी, कंडक्टर म्हणायचा काकी पिशवी नीट बांधा, गाडीत वास सुटतो.

आता मोठ्या सरकारीचं.

मोठं म्हणजे किती मोठं ते आधी डोक्यात घ्या. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, कलकत्ता आणि मद्रासच्याच वर्षातलं. मुंबईचे दोन जिल्हे, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि आमचा सिंधुदुर्ग, म्हणजे महाराष्ट्राचा अख्खा किनारा ह्या एका विद्यापीठाखाली, आठशेच्या वर कॉलेजं. रत्नागिरीत उपकेंद्र आहे. नॅकचं, म्हणजे कॉलेज-विद्यापीठांना दर्जा देणाऱ्या संस्थेचं, ए प्लस प्लस आहे २०२१ चं, ३.६५ गुणांचं. सगळं खरं, आणि ॲडमिशनला येणारे आईबाप हे मोठेपण बघून फॉर्म भरतात. पण आपलं पोरगं काय राजाबाई टॉवरखाली बसून शिकत नाही ना! ते शिकतं तालुक्याच्या कॉलेजात, पावसात गळणाऱ्या पोर्चखाली छत्र्या वाळत टाकून. ते ए प्लस प्लस विद्यापीठाचं असतं, तुमच्या कॉलेजचा नॅकचा ग्रेड वेगळा काढावा लागतो, तो बी पण असू शकतो आणि चांगला पण असू शकतो. विद्यापीठाचं मोठेपण कुडाळपर्यंत येईतो सोलकढीत पाणी वाढवत नेल्यासारखं होतं, रंग तोच राहतो, चव कोणी वाटली त्यावर. म्हणजे गंमत बघा, आमच्यासाठी मोठं विद्यापीठ हेच खरं लहान आहे, घरापासून पंचवीस मिनिटं, शिपाईदादा ओळखीचा, कॅन्टीनवाली चुलत मावशी. आणि छोटं विद्यापीठ म्हणजे घाट चढून जायचा परमुलूख.

थोरलीचं मायक्रोबायोलॉजी. एका मायक्रोस्कोपवर चार जणी. ह्याच्यावर मी खूप चिडायचे, तर ती म्हणायची आई, ज्या मुलीला दिसायचं ती बाकीच्या तिघींना सांगायची काय दिसतंय ते, त्यामुळे आम्हाला बोलता येतं. असेल बाबा. पण प्रोजेक्ट, इंटर्नशिप, कंपनीला भेट, ह्यातलं काही झालं नाही, एकदा दूध डेअरी दाखवून आणलं तेवढंच. परीक्षा मात्र कडक. प्रश्नपत्रिका कुठूनतरी येणार, तपासणारा कोणीतरी अनोळखी, त्यामुळे पोरं आपोआप अभ्यासाला बसतात. प्रायव्हेटमध्ये शिकवणारा तोच, पेपर काढणारा तोच, तपासणारा तोच, कारण प्रायव्हेट विद्यापीठाला दुसरी कॉलेजं जोडून घेता येत नाहीत, जे काय ते त्या एका कॅम्पसमध्ये. निकाल वीस दिवसांत हातात, हे मस्तच, पण वाढपी ओळखीचा असला की ताट भरणारच, आणि हे नोकरी देणाऱ्यांना पण कळतं.

उलट मोठ्याचं यंत्र अडकलं की काय होतं ते अख्ख्या महाराष्ट्राने २०१७ ला बघितलं. मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्कॅन करून कॉम्प्युटरवर तपासायचं ठरवलं, सतरा लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका, जुलैअखेरची मुदत गेली, काही निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले, कितीतरी मुलांचे पुढचे प्रवेश अडकले, शेवटी ऑक्टोबरात राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून काढलं. आता तसं नाही, पण एवढ्या मोठ्या गोठ्यात आपली एक गाय हंबरते ते कोणाला ऐकू जाणार.

आमची गाय पण हंबरली. पाचव्या सेमिस्टरच्या मार्कशीटवर एका विषयात थोरली गैरहजर. पेपर दिलेला, तिच्या पुढे-मागे बसलेल्या पोरींना मार्क आलेत, हिच्यापुढे 'एबी'. चूक कॉलेजच्या ऑफिसची, हजेरीच्या शीटवर हिचा नंबर लिहायचाच राहिला. कॉलेजने पत्र दिलं आणि म्हणाले पोस्टाने पाठवू, दीड महिना लागेल. एमएस्सीचे फॉर्म सुरू व्हायचे होते, मी म्हटलं मी स्वतः नेते. कोकणकन्येचं तात्काळ काढून रात्रीची गाडी, पहाटे दादर, चुलत जावेकडे अंघोळ, आणि साडेदहाला कलिन्याला परीक्षा भवनात खिडकीपुढे. तिथल्या माणसाने पत्र घेतलं, वाचलं, आणि अगदी शांतपणे परत दिलं. "ताई, ह्यावर जावक क्रमांक नाही हो. इनवर्डच होणार नाही." सही होती, शिक्का होता, तारीख होती, जावक क्रमांक नव्हता. तो बरोबर होता, मी त्याच्या जागी असते तर मी पण परत केलं असतं, आणि हाच राग जास्त आला, की आयुष्यभर जावक क्रमांक टाकणारी बाई पाचशे किलोमीटर बिनक्रमांकाचं पत्र घेऊन आली. कॉलेजला फोन लावला तर जावक रजिस्टर ज्यांच्याकडे ते रजेवर, कपाटाची चावी पण त्यांच्याकडेच. संध्याकाळच्या गाडीने रिकामी परत. पुढे झालं सगळं, दोन महिने गेले, मार्क आले, एमएस्सीची एक यादी मात्र हुकली.

तेव्हा धाकटा म्हणाला आमच्याकडे असं झालं असतं तर मी खाली जाऊन दुपारपर्यंत करून आणलं असतं. खरं आहे. त्याच्या एका ग्रेडची चूक डेप्युटी रजिस्ट्रारने त्याच्यासमोर उभं राहून दुरुस्त करून घेतली. पण त्याच ऑफिसने ॲडमिशनच्या वेळी ओरिजिनल मार्कशीट आणि दाखले ठेवून घेतले होते आणि मी मागायला गेले तर पहिलं वर्ष संपेपर्यंत देणार नाही म्हणाले. नंतर कळलं की यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमाप्रमाणे ओरिजिनल तपासून तिथल्या तिथे परत द्यायचे असतात, ठेवून घेता येत नाहीत. आणि फी परत द्यायचा पण नियम आहे, २०२४-२५ साठी तर यूजीसीने सांगितलेलं की ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर हजार रुपये कापायचे. हे काउन्सेलर बाई सांगत नाहीत. त्या कॉफी देतात.

आता नोकरीचं, कारण शेवटी सगळे तिथेच येतात. थोरली गोव्यात एका औषधाच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे, आमच्या सिंधुदुर्गातली अर्धी बीएस्सी पोरं तिथेच असतात. इंटरव्ह्यूला विचारलं, कुठून? मुंबई युनिव्हर्सिटी. बरं. संपलं. विचारणारा स्वतः मालवणचा, मुंबई युनिव्हर्सिटीचाच. सीनियर सगळीकडे भेटतात, हा मोठ्याचा फायदा ब्रोशरमध्ये कोणी छापत नाही. धाकट्याला प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न, हे विद्यापीठ कुठे आलं? मग तो गाव सांगतो, जिल्हा सांगतो, यूजीसीच्या यादीत आहे ते सांगतो. पण मग ते त्याचं काम बघतात आणि तिथे गाडी फिरते, कारण पहिल्या वर्षीच्या त्या सरांनी सगळ्यांना दर महिन्याला काहीतरी बनवायला लावलं होतं आणि ह्याने आमच्या वाडीतल्या काजू खरेदीवाल्यासाठी वजन-दर-बाकी असा हिशेबाचा ॲप बनवला होता, अजून चालू आहे तो. त्याच्यावरच त्याला पुण्यात काम मिळालं. कॉलेजच्या प्लेसमेंटमधून आलेल्या तीन ऑफर होत्या, तिन्ही फोनवरून लोन विकायच्या. थोरलीकडे असं दाखवण्यासारखं एकही काम नव्हतं, फक्त मार्कशीट होती. तेव्हा स्टार द्यायचे तर धाकट्याच्या पहिल्या वर्षाला पाच, दुसऱ्या-तिसऱ्याला अडीच, थोरलीच्या शिकवण्याला साडेतीन, परीक्षेला चार आणि तिच्या कॉलेजच्या ऑफिसला अर्धा, तो पण शिपाईदादाने त्या दिवशी चहा पाजला म्हणून.

ह्यांचं मत वेगळं आहे. हे म्हणतात सरकारी विद्यापीठाला नावं ठेवू नकोस, बागेत जाऊन बघ. बागेतली कलमं वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७, ती दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची, वेंगुर्ल्याच्या केंद्रात तयार झालेली. ते विद्यापीठ १९७२ चं, आणि सातची बी साधारण दहा ग्रॅमची, आमच्या सासऱ्यांच्या गावठी झाडांच्या बीच्या दुप्पट दिसते. म्हणजे ज्या प्रायव्हेटची फी भरली ती सरकारी विद्यापीठाच्या संशोधनावर पिकलेल्या काजूतून भरली, असा त्यांचा मुद्दा. मुद्दा बरोबर आहे, फक्त ते दर वेळी जेवताना सांगतात.

आता भाचीकडे येते. तिने एमएचटी-सीईटी दिली, मार्क मध्यम, पाहिजे कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. कोकणातली काही इंजिनिअरिंग कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली, काही लोणेऱ्याच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला, १९८९ चं ते, रायगडात. आणि दुसरीकडे घाटावरच्या एका प्रायव्हेटवाल्यांचा रोज फोन, पंचवीस टक्के स्कॉलरशिप, लॅपटॉप फ्री. वन्सं म्हणाल्या वहिनी, लॅपटॉप पण देतायत गो. मी म्हटलं वन्सं, लॅपटॉपचे पैसे कोणाचे?

तिच्या बाबतीत एक मोठी गोष्ट आहे जी माझ्या मुलांच्या वेळी नव्हती. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, असेल तर व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ. पण प्रायव्हेट विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठं त्यातून वगळलेली. म्हणजे कॉलेज खाजगी संस्थेचं चालेल पण ते विद्यापीठाला जोडलेलं पाहिजे आणि प्रवेश कॅपमधून पाहिजे, स्वतःचं विद्यापीठ असलेलं खाजगी चालणार नाही. हा फरक काउन्सेलरला विचारला तर म्हणाली, "मॅम, आमची स्वतःची स्कॉलरशिप आहे ना." वन्संना दोन्ही 'प्रायव्हेट'च वाटत होती, चारचौघांना तसंच वाटतं, म्हणून मुद्दाम लिहिलं. हॉस्टेल, मेस, डेव्हलपमेंट फी ही माफ होत नाही, ती धरून हिशेब करा. आणि लोन काढणार असाल तर पीएम विद्यालक्ष्मीची यादी बघा, २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेली योजना, तेव्हा ८६० संस्था होत्या, तुमची छोटी प्रायव्हेट त्यात आहे का ते आधी बघायचं, विद्यालक्ष्मी करून देतो असं सांगणारे एजंट आमच्या काउंटरवर पण येऊन गेलेत.

मग आम्ही काय केलं, तर दोन्ही ठिकाणी फोन न करता बुधवारी जाऊन उभे राहिलो. शनिवारी, ओपन डेला वगैरे जायचं नाही, तेव्हा पाहुण्यांसाठी केळवण असतं. प्रायव्हेटमध्ये वॉचमनने आत सोडलं नाही, अपॉइंटमेंट पाहिजे, मग काउन्सेलर धावत आली आणि परत सोफा. मी म्हटलं मला सोफा नको, दुसऱ्या वर्षाच्या मुलींशी बोलायचंय. "आता लेक्चर चालू आहेत मॅम." बरं, मग लेक्चर बघते दारातून. ते पण नाही. कॅन्टीनमध्ये गेलो तर लेक्चरला असायला पाहिजे होत्या त्या चार मुली वडापाव खात बसलेल्या, सर आले नाहीत म्हणून. एकीने हळूच सांगितलं की सीनियर फॅकल्टी दोनच उरलेत, त्यातले एक पीएचडीसाठी जाणार आहेत.

दुसरीकडे आमच्या बाजूच्या कॉलेजात कोणी अडवलंच नाही, कोणी विचारलं पण नाही, आम्ही सरळ लॅबमध्ये. चाळीसातले सात कॉम्प्युटर बंद, त्यावर कागद चिकटवलेला 'नादुरुस्त', कागद जुना. पण लॅबवाले सर खाली बसून आठवा कॉम्प्युटर उघडून बसले होते, दोन पोरं टॉर्च धरून. भाचीने विचारलं सर तुम्ही इथे किती वर्षं, म्हणाले तेरा. मग ती पण खाली बसली बघायला, अर्धा तास उठली नाही, ड्रेसला धूळ. परत येताना एसटीत मला म्हणाली, मामी, कॉम्प्युटर बंद आहेत पण उघडून तरी दाखवतात.

कॅपमध्ये तिने ते पहिलं टाकलंय. लागलं तर घालू. वन्संना अजून लॅपटॉपची हळहळ आहे, मी म्हटलं धाकट्याचा जुना देते. आणि येत्या सोमवारी मी एकटी परत त्या कॉलेजात चाललेय, लॅब नाही बघायची, ऑफिसात जाऊन जावक रजिस्टर कोणाकडे असतं आणि ते रजेवर गेले की कपाटाची चावी कोणाकडे, एवढं विचारून ठेवते.